बाहेरची अंडी

जांभुळटोल्याचा बाजार गुरुवारी भरतो. मैना मारबतेने त्या बाजारात आधी वीस वर्षं मासे विकले आणि मग पाच वर्षं अंडी. मासे विकायची तेव्हा तिचा आवाज वडापासून बसथांब्यापर्यंत जायचा. धानोऱ्याकडचे लोक म्हणायचे, मैनाबाईच्या टोपलीतली बोटरी मासळी घेतली नाही तर बाई चारचौघांत इज्जत काढते. पण गावचा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, गाळाने भरत गेला. नवरा घनश्याम दिवसभर डोंगा फिरवून शेर-दीड शेर मासा आणायला लागला. तेव्हा मैनाने गडचिरोलीला जाऊन आठ दिवसांचं शिक्षण घेतलं, डोंगा विकला, बांबू आणि टिनाचं खोपट उभं केलं आणि त्यात अंड्यावरच्या दोनशे कोंबड्या आणून सोडल्या.

डोंगा विकला त्या दिवशी घनश्याम जेवला नाही. पण तो मुळात कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवसापासून तो कोंबड्यांना दाणापाणी करायला लागला.

कोंबड्यांनी मैनाला हात दिला. दिवसाला दीड-पावणेदोनशे अंडी निघायची. निम्मी गुरुवारी गावात खपायची, निम्मी शनिवारी चार कोसांवरच्या पळसटोल्याच्या बाजारात. गावातलं तिचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे मनकर्णा. मनकर्णा बाजारात अंड्याचा रस्सा आणि भात विकायची. तेंदूपत्ता तोडणारे, बांबू कापणारे मजूर तिच्याकडेच जेवायचे. दोघी एकाच गावच्या लेकी, एकाच साली लग्न होऊन जांभुळटोल्यात आलेल्या. मनकर्णाला मूलबाळ झालं नाही आणि नवराही लवकर गेला. मैनाला मागे मलेरियाने धरलं होतं, तेव्हा बावीस दिवस मनकर्णाने कोंबड्याही सांभाळल्या आणि मैनालाही. पेज करून आणायची, डोक्यावर ओली पट्टी ठेवायची आणि वर शिव्या द्यायची, "मरतेस काऊन? तुह्या कोंबड्या मले नाई पाहिजेत."

असं सगळं बरं चाललेलं असताना माघातल्या एका गुरुवारी सिरोंच्याकडचा राजन्ना पिकअप घेऊन बाजारात आला. गाडीत खालपासून वरपर्यंत अंड्यांचे ट्रे. अंडी एकसारखी, पांढरीफेक, धुतल्यासारखी. प्रत्येक अंड्यावर लाल शाईचा बारीक शिक्का, आणि अक्षरं कुठल्या लिपीतली ते कोणालाच कळेना. लोकांना वाटलं, शिक्क्याचा माल आहे, म्हणजे तपासलेला असणार. शिवाय भाव चार रुपये. मैनाचं अंडं सातला होतं.

बारा वाजेपर्यंत निम्मी गाडी रिकामी झाली. मैनाचा एक ट्रेही सुटला नाही. मनकर्णा समोरून आली, थोडी घुटमळली आणि राजन्नाकडून चार ट्रे घेऊन गेली. जाताना म्हणाली, "रागावू नको वो. रश्शात कोनाचं अंडं हाय ते कोन पाह्यते? वाचले तं चार पैसे वाचले."

बाजार उठल्यावर मैना राजन्नाच्या गाडीपाशी गेली.

"कुठून आनता जी हे अंडे?"

"तिकडून, हैदराबादच्या बाजूनं," राजन्ना म्हणाला. तो आडव्यातिडव्या मराठीत बोलायचा, पण मनाने मोकळा होता. "हे इथं विकायचे नव्हते, अम्मा. जहाजानं जानार होते, बाहेर देशात. शिक्का त्यांच्यासाठीच मारला."

"मंग गेले काऊन नाई?"

"तिकडच्या सरकारनं बाहेरच्या अंड्यावर कर बसवला. वरून एक भाव ठरवून दिला. त्याच्या खाली बाहेरचं अंडं आत येऊ द्यायचं नाही. आलं तर जेवढा फरक, तेवढे पैसे दरवाजावरच भरायचे. मग आमचं अंडं तिकडं महाग पडलं. व्यापारी म्हनाला, नको. आता कोंबडीला कोन सांगनार, अंडं देऊ नको म्हनून? म्हनून इकडं आनून फेकतो."

"पन त्या सरकारनं असं काऊन केलं?"

राजन्ना हसला. "त्यांचे कोंबडीवाले रडत होते ना. तुम्ही आज रडता तसे."

मैना घरी आली तेव्हा तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. रात्रीचा भात वाढताना ती घनश्यामला म्हणाली, "सरकारं करतेत असं. आपल्या कोंबड्याईले वाचवाले करतेत."

घनश्याम म्हणाला, "आपन काय सरकार आहोत?"

पण मैनाने ते मनावर घेतलं. ती उपसरपंच वामनरावांकडे गेली. सरपंचबाई नावापुरत्या, कारभार वामनरावांचा. बाजाराची पावती फाडायचा ठेका त्यांच्या भाच्याकडे, त्यामुळे गोष्ट त्यांना लगेच पटली. ग्रामसभेत मैना पहिल्यांदाच उभी राहिली आणि मासे विकण्याच्या आवाजात बोलली. बाहेरून येणाऱ्या अंड्यावर बाजाराच्या तोंडाशीच अंड्यामागे तीन रुपये पट्टी घ्यावी, आणि गावात कोणीही सात रुपयांच्या खाली अंडं विकू नये. विकलं तर दंड. ग्रामसेवक दबक्या आवाजात म्हणाला की हे कायद्यात बसत नाही. वामनराव म्हणाले, "बाजार आपला हाय. कायदा तुमच्या कपाटात ठेवा."

तेव्हा मागून मनकर्णा उठली. "मंग माहं काय? मजूर मानूस पन्नास रुपयाच्या वर ताट घेत नाई. अंडं सातचं झालं तं मी एका ताटात अर्धं अंडं वाढू का?"

"आतावरी सातचंच घेत होतीस ना?" मैना म्हणाली.

"घेत होती. पन आता चारचं भेटून राह्यलं. पहिल्यांदाच माह्या हाती काई उरून राह्यलं, मैना."

सभेत कुजबुज झाली. काही बाया मनकर्णाच्या बाजूने बोलायला लागल्या. स्वस्त अंडं त्यांच्याही पोरांच्या तोंडी लागलं होतं. हातची गोष्ट सुटते असं मैनाला वाटलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुले नवरा नाई, पोर नाई. तुले कोनासाठी उरवाचं हाय?"

मनकर्णा तशीच उभी राहिली, मग पदर सावरून खाली बसली. ठराव मंजूर झाला. सूचक म्हणून मैनाने सही केली. साक्षरतेच्या वर्गात ती आणि मनकर्णा शेजारीशेजारी बसून सही करायला शिकल्या होत्या.

पुढचे सहा गुरुवार मैनाचे होते. राजन्ना एकदा आला, पट्टी ऐकून "तुम्ही पन?" म्हणाला आणि गाडी धानोऱ्याकडे वळवून गेला. मैनाची अंडी सातने सकाळीच संपायची. वामनरावांच्या भाच्याला शिक्क्याचं अंडं आणि साधं अंडं यातला फरक कळायचा नाही, म्हणून ती स्वतः बाजाराच्या तोंडाशी त्याच्या शेजारी जाऊन बसायची आणि लोकांच्या थैल्या पाहायची. वीस वर्षं बाजारात जमिनीवर बसलेल्या बाईला तिथे खुर्ची मिळाली होती.

सातव्या गुरुवारी धानोऱ्याच्या बसमधून मनकर्णा उतरली. हातात दोन थैल्या. एकीत मेथी वर दिसत होती. मैनाने तिला पाहिलं, मनकर्णानेही मैनाला पाहिलं. भाचा पेंगत होता. मैना गप्प बसली असती तर मनकर्णा तशीच आत गेली असती. मैनाला ते कळत होतं, आणि तरीही ती म्हणाली, "थैली दाखव वो."

मेथीच्या खाली दोन ट्रे होते. शिक्क्याचे.

भाचा जागा झाला. म्हणाला, "साठ अंडे. एकशेऐंशी रुपये."

मनकर्णाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने थैली हळूच मैनाच्या पायापाशी ठेवली, एकही अंडं फुटू दिलं नाही, आणि म्हणाली, "तूच खा." आणि दुसरी थैली घेऊन ती घराकडे गेली. त्या दिवशी बाजारात तिची चूल पेटली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मजूर दोनदा येऊन रिकाम्या जागेकडे पाहून गेले, मग बाजारातच यायचे थांबले. मजूर थांबले तसा मैनाचाही खप खाली आला, पण ते तिच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण त्याच आठवड्यात पळसटोल्याचं झालं.

शनिवारी ती नेहमीसारखी वीस ट्रे घेऊन घनश्यामच्या सायकलीमागे पळसटोल्यात पोचली, तर बाजाराच्या तोंडाशी दोरी बांधलेली. दोरीपाशी सुकलू बसलेला. सुकलूने दिवाळीत स्वतःच्या शंभर कोंबड्या आणल्या होत्या आणि त्या कशा ठेवायच्या हे मैनाकडूनच विचारून गेला होता.

"पट्टी द्या लागते, मैनाबाई," तो म्हणाला. "अंड्यामागं तीन रुपये."

"कोनाले? मले?" मैना हसली. तिला वाटलं, थट्टा करतो आहे. "माह्या अंड्यावर कुठी शिक्का हाय?"

"शिक्क्याचं नाई लिहिलं. बाहेरचं अंडं लिहिलं हाय." सुकलूने खिशातून कागद काढला. जांभुळटोल्याच्याच ठरावाची नक्कल होती. गावाचं नाव तेवढं बदललं होतं. "तुमच्याच ग्रामपंचायतीतून आनली. चांगलं लिहिलं हाय जी, आमाले काई बदलाचं कामच नाई पडलं."

"चार कोसावरचं अंडं बाहेरचं होते का रे? माही मावशी दिली हाय या गावात!"

"मावशीसाठी न्या ना. इकाचे असन तं पट्टी द्या."

मैना खूप बोलली. माशांच्या वेळचा तो सगळा आवाज तिने तिथे काढला. सुकलूने ऐकून घेतलं, पण दोरी सोडली नाही. सायकल ढकलत दोघं परत आले. वाटेत घनश्याम एवढंच म्हणाला, "तो तुह्याकडून कोंबड्या ठेवाले शिकला. बाकीचंबी शिकला."

चैत्र लागला. त्या भागातलं ऊन कोंबड्यांना सोसत नाही, खोपटावर ओली पोती टाकून टाकून घनश्यामचे हात सोलले. कोंबड्या मात्र रोजच्या रोज अंडी देत राहिल्या. घरात ट्रेवर ट्रे चढले. चौथ्या-पाचव्या दिवशी आतली अंडी हलवली की डुचमळायची. मैनाने वामनरावांना सांगितलं, निदान सातची अट काढा, मी गावातच तीन-चारला विकते. वामनराव म्हणाले, "ठराव पोरखेळ हाय का? आज करा, उद्या मोडा." मग तिने मागच्या दाराने पाचला विकायला सुरुवात केली. तिसऱ्याच दिवशी भाचा पावतीबुक घेऊन दारात उभा. ठरावातला पहिला दंड तिच्याच नावाने फाटला.

त्या संध्याकाळी दोन ट्रे पदराखाली घेऊन ती मनकर्णाकडे गेली. त्या सभेनंतर पहिल्यांदाच. मनकर्णा अंगणात मोहफुलं पसरून बसली होती. तिने बस म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

"चूल लाव ना बाजारात," मैना म्हणाली. "तीनला देतो. दोनला घे. असेच घे म्हनतो मी."

मनकर्णा फुलं चाळत होती. "सातच्या खाली इकता येत नाई म्हनतेत."

"कोनाले नाई सांगत आपन."

"लपवून आनली तं तू थैली पाह्यतेस, मैना."

"सभेत बोलली ते..." एवढं म्हणून मैना थांबली. पुढचं जमेना. उभ्या जन्मात तिने कोणाची माफी मागितली नव्हती, ते शब्द तिच्याकडे नव्हतेच.

मनकर्णाने वाट पाहिली. खरोखर पाहिली, हातातली फुलं तिने खाली ठेवली होती. शेवटी ती उठली. "पुढच्या आठवड्यात चिमूरला चालली मी, भावाकडं. त्याच्या सुनेले बाळ झालं. तिथी हाताले काम हाय." आणि दारात जाऊन वळली. "खरं बोलली होतीस तू. मले कोनासाठी उरवाचं हाय."

मैनाने दोन्ही ट्रे तिथेच ओसरीवर ठेवले. सकाळी ते तिच्या दारात परत आले होते. मनकर्णाच्या शेजारची पोर दिव्या आणून ठेवून गेली होती.

वैशाखात चंद्रपूरच्या व्यापाऱ्याने कोंबड्या उचलल्या, मांसाच्या भावाने. टिन शेजाऱ्याने नेलं. घनश्याम दुसऱ्याच्या डोंग्यावर मजुरीने जायला लागला. पावसाळ्यात गावात कोणीतरी सांगितलं, तिकडच्या देशाने अंड्यावरचा कर कमी केला, जहाजं पुन्हा जायला लागली. जांभुळटोल्यात अंडं नऊ रुपयांवर गेलं. तेही कधी मिळायचं, कधी नाही. मैना रोवणीच्या कामाला जात होती. ऐकून तिने कंबर सरळ केली, पुन्हा वाकली आणि रोप लावत राहिली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वामनरावांनी नवीन विषय काढला. मुलचेऱ्याकडच्या वसाहतीतले बंगाली भाजीवाले वांगी-भेंडी आणून बाजार पाडतात, त्यांच्या भाजीवरही पट्टी पाहिजे. "सूचक म्हनून मैनाबाईचं नाव टाकू," ते म्हणाले. "त्याईले अनुभव हाय."

दोघं-तिघं हसले. मैना उठली. "माहं नाव नोका टाकू."

"काऊन जी?"

तिला सांगायचं पुष्कळ होतं. पण समोर वामनराव होते, रजिस्टर होतं, आणि मागच्या रांगेत जिथे मनकर्णा बसायची तिथे कोणीतरी छत्री ठेवली होती.

"नोका टाकू म्हनलं ना," ती म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या कोणाचं तरी नाव टाकलं गेलं. विरोधात कोणी आहे का, असं ग्रामसेवकाने विचारलं. कोणी हात वर केला नाही. ठराव एकमताने मंजूर, असं त्याने लिहिलं आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्यायला रजिस्टर फिरवलं. मैनाने आपल्या नावापुढे सही केली आणि शेजारच्या बाईकडे दिलं.