कमी झालेला एक बेकार

मधुकर मेश्राम गेल्याचं मला वाचनालयात कळलं. शेजारच्या सदाशिव शिंप्याने दारातूनच सांगितलं, "तुमचा मधुकर गेला जी. सकाळीच." मी नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत बसलो होतो. "बरं," म्हणालो आणि पुढच्या पुस्तकावर पुढचा क्रमांक घातला. सदाशिव परत मशीनवर जाऊन बसला. अंत्ययात्रेला मी गेलो नाही. शोकसभेला गेलो आणि गेल्याचा पश्चात्ताप झाला. एका पुढाऱ्याने मधुकरला 'बेरोजगारांचा आधार' म्हटलं. त्याच्या विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्याने उठून तेच, थोडं अधिक चढ्या आवाजात म्हटलं. दोघांनाही मधुकरचा उपयोग झाला होता, एवढंच त्या सभेत खरं होतं. बेरोजगारांपैकी तिथे कुणी बोललं नाही... या पुरवणीच्या संपादकांनी 'बालमित्र म्हणून लिहा' असं सांगितलं, म्हणून लिहितो आहे. या बालमित्राशी शेवटची अकरा वर्षं मी एक शब्द बोललो नव्हतो, हे वाचकांना आधीच सांगितलेलं बरं.

आम्ही एकाच वस्तीतले. छप्पन साली आमच्या दोन्ही घरांनी दीक्षा घेतली, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. मधुकरचं गणित चांगलं होतं, माझं वाचन. माझा थोरला भाऊ हिरामण, आमचा दादा, वस्तीतला पहिला मॅट्रिक. आमच्या मॅट्रिकच्या परीक्षेला सातही दिवस त्याने आम्हा दोघांना एकाच सायकलवरून नेलं. मी पुढच्या दांडीवर, मधुकर मागे कॅरियरवर. उतरताना मधुकर म्हणायचा, "दादा, साहेब झालो का तुले मोटरीत फिरवतो." दादा म्हणायचा, "पहिले पेपर तर लिही गा." पुढे मी वाचनालयात लागलो आणि मधुकर लागला तो नेमका, जिथे बेकारांची नावं नोंदवतात त्या कार्यालयात. लोक त्या कार्यालयाला नुसतं 'एम्प्लॉयमेंट' म्हणत. दादा मात्र शिकूनही कुठेच लागला नव्हता. मिळेल ते काम करायचा, आणि त्याचं नाव मधुकरच्याच कार्यालयात सात वर्षं नोंदलेलं होतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नाव नोंदवलं की एक कार्ड मिळे. ठराविक महिन्यांनी ते कार्ड घेऊन स्वतः हजर व्हायचं, नूतनीकरणाचा शिक्का घ्यायचा. शिक्का चुकला की नाव रद्द, आणि इतक्या वर्षांची ज्येष्ठता त्याच्याबरोबर पाण्यात. कुठे जागा निघाली तर ज्येष्ठतेप्रमाणे नावं पाठवली जात, म्हणून त्या कार्डाला घरातल्या दागिन्यासारखं जपलं जाई. आता यात बेकार किती ते कसं ठरवायचं? ज्याला काम लागलं तो नाव काढायला येत नाही. ज्याला लागलं नाही तो कंटाळून शिक्क्याला येत नाही. आणि खेड्यातला माणूस तर नोंदवायलाच येत नाही. मधुकरला हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. कळूनही त्याला त्याची मौज वाटायची, हे मला कधी सहन झालं नाही.

हिवाळी अधिवेशन आलं की त्याची मौज वाढायची. सरकार मुंबईहून नागपूरला यायचं, रस्त्यावर मोर्चे, चौकाचौकात पोलीस. त्याच्या आधी यादी 'साफ' करायचं फर्मान निघे. शिक्का चुकलेली नावं भराभर कापली जात, आणि सभागृहात उत्तर जाई की बेकारी घटली. सत्ताधारी बाकं वाजवीत, तर विरोधक सुरुवातीपासून नोंदवलेल्या सगळ्या नावांची बेरीज फडकावीत आणि म्हणत की बेकारी वाढली. एकदा चहाच्या टपरीवर मधुकरने वर्तमानपत्र माझ्यापुढे पसरलं. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले होते. "हाही माह्या हातचा, तोही माह्या हातचा," तो बोट ठेवत म्हणाला. "सकाळी एक पीए आला, दुपारी दुसरा. ज्याले जो पाहिजे तो देल्ला."

"मग खरा कोणता?" मी विचारलं.

"दोन्ही खरे. तू काय पुसून राहिला त्यावर हाय." आणि तो टपरीवाल्याकडे वळून हसला, जणू मी गणितात नापास झालो होतो.

त्या वर्षी दादाच्या शिक्क्याची तारीख नेमकी अधिवेशनाच्या आधी आली. दादा तेव्हा त्याच्या सासुरवाडीला, कुहीकडे होता. मी ते केलं, जे आमच्या वस्तीत सगळेच करत. खिडकीशी रांग लावण्याऐवजी रविवारी मधुकरच्या घरी गेलो आणि कार्ड त्याच्या हातात ठेवलं. "दादा धान कापणीला गेला आहे, तेवढा शिक्का मारून आण," म्हणालो. त्याने कार्ड सदऱ्याच्या खिशात टाकलं. "त्यात काय हाय गा. आपलंच घर हाय." मी निघालो तेव्हा त्याने माझ्या पिशवीतलं एक जाड प्रवासवर्णन वाचायला ठेवून घेतलं.

महिनाभरात खापरखेड्याच्या वीजकेंद्रात मदतनिसांच्या जागा निघाल्या. आमच्या वस्तीतल्या दोघांना बोलावणं आलं. दोघंही दादाच्या मागून नोंदलेले. दादा कार्यालयात गेला, मी त्याच्याबरोबर होतो. खिडकीच्या आत मधुकर बसला होता. त्याने वर न बघता नंबर विचारला, यादी चाळली आणि म्हणाला, "नाव रद्द झालं आहे. नवीन नोंद करा." नवीन नोंद म्हणजे रांगेच्या शेवटी जाणं. आणि नोकरीची वयोमर्यादा ओलांडायला दादाला एकच वर्ष उरलं होतं.

दादाने खिडकीचे गज धरले. मग मोठ्याने म्हणाला, "काहून गा मधुकर, तुमच्या यादीतून मी कमी झालो म्हणजे मले नोकरी लागली ना? कुठं लागली तेवढं सांग. उद्यापासून जातो."

रांगेतले लोक खदखदून हसले. मधुकरचे कान लाल झाले, पण मान वर झाली नाही. "पुढचा," तो म्हणाला. ज्या माणसाच्या सायकलच्या कॅरियरवर बसून तो मॅट्रिक झाला, त्याला तो 'पुढचा' म्हणाला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. "कार्ड तुझ्या हातात दिलं होतं मधुकर." तो शांत होता. एवढा शांत, की उत्तर आधीपासून तयार असावं. "देल्लं होतं. पण दादा त्या हप्त्यात काय करून राहिला होता?" पुढे तोच म्हणाला, "धान कापून राहिला होता. तूच सांगतलं मले. आता सरकारी पाहणीवाले गावोगाव जातात, तेही हेच पुसतात. मागच्या सात दिवसांत काही काम केलं का? केलं असन तर तो माणूस बेकार नाही. मंग मी दादाले बेकार कसा लिहू?"

"चार दिवसांची कापणी म्हणजे नोकरी झाली?"

"नोकरी म्हटलंच नाही मी. काम म्हटलं. फरक हाय."

"आणि कार्ड?"

"दफ्तरात जमा झालं."

मी उठलो. माझंच वाक्य त्याने माझ्या भावाविरुद्ध वापरलं होतं. पुढची अकरा वर्षं मला तेच ऐकू येत राहिलं: धान कापणीला गेला आहे. मी ते बोललो नसतो तर... दादाने नवीन नोंद केली नाही. तो गोदामात हमाली करू लागला. मधुकरला बढती मिळाली, मोठं टेबल मिळालं, भाषणं लिहून घेणारे येऊ लागले. रस्त्यात दिसला की मी बाजू बदलत असे. तोही बदलत असे. तो घमेंडीने बदलतो असं मी धरून चाललो होतो.

मधुकर गेल्यानंतर, तीन आठवड्यांपूर्वी त्याची बायको, आमच्या वहिनी, वाचनालयात आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. "भाऊजी, तुमच्याइथलं हाय. ट्रंकेत होतं." तेच प्रवासवर्णन. उघडलं तर चाळिसाव्या पानाशी एक कागद निघाला, फुगून वाळलेला, घडीवर फाटलेला. अक्षरं पसरून निळा डाग झाली होती. एका कोपऱ्यात गोल शिक्क्याचा अर्धा काठ आणि दादाच्या नावातलं 'हिरा' एवढं वाचता येत होतं.

"मीच धुतलं जी ते," वहिनी म्हणाल्या. "त्या सोमवारी सदरा भिजवला, खिसा नाही पाह्यला. दुपारी आले अन् कागद हातात घेऊन उलगडला. उन्हात वाळवलं, मंग या पुस्तकात दाबून ठेवलं. म्हटलं, साहेबाले सांगा. तर म्हणे, लोकांचे कार्डं घरी आणतो हे समजलं तर माहीच नोकरी जाईन. मंग मी बेकार."

मी विचारलं, "आणि ते सात दिवसांचं? धानाचं?"

"ते मंग सुचलं त्यांले," वहिनी म्हणाल्या. "दोनतीन दिवस घरात बोलून पाहत होते. मलेच पुसत, हे बरोबर वाटते का वं?"

म्हणजे बेकाराची व्याख्या नंतर आली. आधी भिजलेलं कार्ड आणि भीती. अकरा वर्षं मी एका निष्ठुर, हुशार माणसाचा राग केला होता. तो माणूस भित्रा निघाला. त्याने राग कमी झाला नाही. उलट, जी व्याख्या तो बायकोपुढे आजमावत होता, तीच पुढे त्याने किती अनोळखी दादांना लावली असेल, हे आता मोजता येणार नाही.

दादाला कार्ड दाखवलं. त्याने ते खिडकीच्या उजेडात धरलं, उलटसुलट केलं. "तोंडावर सांगायचं होतं त्यानं," म्हणाला. "चार शिव्या देल्ल्या असत्या अन् सोडलं असतं." मग कार्ड माझ्याकडे परत देऊन कामावर गेला.

ते प्रवासवर्णन माझ्या टेबलाच्या खणात आहे, कार्ड चाळिसाव्या पानाशीच. पुस्तक परत आलं की वाचकाच्या नावावर आडवी रेघ मारायची, असा आमचा नियम आहे. रोज रजिस्टर उघडतो, मधुकर मेश्राम या नावापर्यंत येतो... आणि पान उलटतो. नाव कापणं मला जमत नाही. माझ्या यादीत तो अजून आहे, पुस्तक परत न केलेला.