मंगळवार पेठेत दुपारी दार लावलं तर

मंडळी, आज दुपारी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. पुण्याहून नवीन आलेली मुलगी घाबरून बाहेर आली. "काय झालं, आजी?"

काहीच नाही. दोन दिवस दार बंद दिसलं, एवढंच.

शहात्तर साली यांच्या बदलीमुळे मीही पुण्याहूनच या गावात, इथल्या मंगळवार पेठेत आले. पहिल्याच दुपारी कडी लावून झोपले, तर शेजारच्या आक्का दार बडवायला लागल्या. "कोण आजारी हाय काय? दिवसाढवळ्या दार का लावलंय?"

"झोपले होते."

"मग उघडं टाकून झोप की. आमी हाय न्हवं."

मी संतापले. यांना म्हटलं, लगेच बदली मागा.

ती आम्ही कधीच मागितली नाही.

आज माझं कारण ऐकल्यावर त्या मुलीच्या चेहऱ्यावर तोच संताप होता. उद्याही दार बंद दिसलं, तर बेल वाजवू की नको?