बोअरवर ठेवलेली कळशी

जव्हारच्या स्टँडवरून एसटी हलली तेव्हा मी खिडकीतून आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "घर मिळालं की तुला बोलावते. तिथं डोक्यावर हंडा नाही, विहिरीच्या फेऱ्या नाहीत." आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "बरं बरं. आधी पोचलीस की फोन कर." मला लुसाकातल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती. झांबिया कुठे आहे हे आमच्या जामसर गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मीही नकाशातच शोधलं होतं.

गावाकडच्या आणि गाव सोडलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही फोनवर विचारता, तिकडे सगळं सुखाचं ना? सुखाचंच आहे. फक्त वीज नसते. पाऊस कमी झाला की धरण आटतं, मग लोडशेडिंग, आणि वीज नाही म्हणजे पंप नाही. नळ सोडला की नुसती हवा सूं सूं करते. इन्व्हर्टर, सोलरचा दिवा, कोळशाची शेगडी (तिला इथे म्बाऊला म्हणतात) असा सगळा संसार मी जमवला. दिवे आले की आधी मोबाइल चार्जिंगला, मग चहा.

बाबा गेल्यावर आई जामसरला एकटी पडली. तिने माझ्याकडेच राहावं, एवढंच मला हवं होतं. "बघते आधी, मग ठरवते," म्हणाली आणि मे महिन्यात आली. बॅगेत लुगड्यांच्या मधोमध पितळेची कळशी.

"ही कशाला आणलीस?"

"असू दे. ती काय खायला मागते?"

त्याच आठवड्यात नळ कोरडा पडला. मला रडूच यायचं बाकी होतं. जिला हंड्यातून सोडवायला आणलं, तिच्यासमोर मी बादली शोधत होते. आता ही परत जाणार, कायमची, असं मला वाटलं. आई मात्र म्हणाली, "तू शाळेत जा. पाणी मी बघते."

कॉलनीच्या टोकाला सगळ्यांसाठी हातपंपाची एक बोअर आहे. आईने तिथे आपल्या विहिरीवर करतात तेच केलं. रांगेत कळशी ठेवून नंबर लावला आणि घरी येऊन भाजी निवडत बसली. आपल्याकडे भांडं उभं म्हणजे बाई उभी. मागची बाई आपल्याबरोबर तेही पुढे सरकवते. इथे तशी रीत नाही. ज्याला पाणी हवं त्याने स्वतः उभं राहायचं.

मी दुपारी आले तर आई फाटकात, चेहरा उतरलेला. "कळशी गेली गं. तुझ्या बाबांनी नाशकावरून आणलेली." मग म्हणाली, "ठेवलेलं भांडं जिथं राहत नाय, तिथं मी राहून करू काय?"

तेवढ्यात हाक आली. मागच्या गल्लीत टोमॅटो विकणारी ग्रेस फाटकाबाहेर उभी होती. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर आमची कळशी, काठोकाठ भरलेली. कुणीतरी विसरलं असं समजून रांगेतल्या बायांनी ती भरली होती, आणि ग्रेस भर उन्हात ती घेऊन घरोघर विचारत फिरली होती. पाण्याच्या एवढ्या टंचाईत! मी आपली रीत इंग्रजीत समजावली तेव्हा ती पोट धरून हसली. म्हणाली, हे आधी सांगायचं ना, आम्ही उगाच पाय मोडत उभ्या राहतो. आई तिची चुंबळ निरखत होती. मग तिने ग्रेसला आत बसवून चहा दिला.

त्या बायांचं मला फार कौतुक वाटतं. दिवे नसतात, पाणी नसतं, आणि कुरकुर मी एकटीच करते. आता बोअरवर बादल्यांची रांग असते आणि बाया झाडाखाली गप्पा मारतात. मी शाळेत असले तरी माझं भांडं कुणीतरी पुढे सरकवतं. जामसर सोडल्यावर हे मला कुठेच मिळालं नव्हतं.

जून उजाडला तशी आईला शेताची, भातलावणीची ओढ लागली. निघायच्या दिवशी मी कळशी पुसून तिच्या बॅगेत ठेवायला गेले. तिने ती काढून ओट्यावर ठेवली.

"राहू दे इथंच. तिचा नंबर लागलाय. भाताची आवणी उरकली की येते मी."