पाठ फिरवून केलेले वाटे

मी कारध्यात राहतो आणि पूल ओलांडला की भंडाऱ्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. वीस वर्षं झाली, सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडतो. प्रोसेसर सॉकेटवर ठेवताना माझा श्वास आजही आपोआप थांबतो. त्यामुळे चिपमधलं आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता, आणि तो मी गिऱ्हाइकांना न विचारता ऐकवतही असे.

त्याच तोऱ्यात मी मोबाइलवर ॲप घेऊन एका परदेशी चिप कंपनीचे शेअर घेतले. जी चिप रोज हाताने बसवतो, तिचा आणखी काय अभ्यास करायचा? एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझी मोठी बहीण, ताई, लाखांदूरकडे दिलेली. तिचं घर गावच्या तलावातल्या मासेमारीवर चालतं. भाऊजींचा लाकडी डोंगा, मासे धरायची छोटी होडी, कुजत आला होता आणि नव्यासाठी तिने पैसे जमवून ठेवले होते. ते माझ्याकडे दे, डोंग्यासोबत जाळंही होईल, असं मीच तिला सांगितलं. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. अर्धे शेअर तिचे, अर्धे माझे, खातं मात्र माझ्या नावाचं.

मग दुकान थंडावलं. दर उन्हाळ्यात लॅबसाठी डेस्कटॉप नेणारा जवळच्याच शहापूरचा एक क्लासवाला म्हणाला, यंदा लॅपटॉपच घेतो. पोरं फॉर्म भरायची ते फोनवर, अभ्यास करायची तोही फोनवर. माझ्याकडे येणारे चार्जर मागत, नाहीतर जुना डबा भंगारात किती जाईल ते विचारत. माझ्या काउंटरवर ही गत, तर कंपनीची काय असेल, असं मनात आलं आणि त्याच दुपारी मी माझे अर्धे शेअर विकून टाकले.

ताईचे विकले नाहीत. तिला विचारून विकावे असं वाटलं होतं, पण विचारायचं तर आधी मी चुकलो हे सांगावं लागलं असतं. चढेल परत, असं म्हणून मी ते तसेच ठेवले. काही आठवड्यांनी कंपनीनेच जाहीर केलं की डेस्कटॉपची मागणी घटली आहे, आणि शेअर धाडकन खाली आला. ताईला फोन करून मी म्हणालो, आपले शेअर पडले. ‘आपले’ म्हणताना माझी जीभ अडखळली नाही, याची मला अजून चीड येते.

ती रागावली नाही. जेवतोस ना नीट, एवढंच तिने विचारलं. आठवड्याभराने तलावात मोठं जाळं ओढणार होते, तेव्हा तिने मला बोलावून घेतलं.

आमच्याकडे मासळीचे वाटे करायची एक रीत आहे. सारखे ढीग मांडतात. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कोणाचा, आणि पाठमोरा नाव सांगतो. कोणाला झुकतं माप नको म्हणून. त्या दिवशी घरच्या वाट्याची मासळी ताईने अंगणात ओतली आणि तिचे दोन ढीग केले, एक तिचा, एक माझा. मी म्हणालो, मला दे कोणताही. तिने ऐकलं नाही.

“दोघायचंबी सारखंच बुडलं बाबू. तू एकटाच जीवाले कायले लावून घेऊन राहिला? फिर तिकडे.”

मी फिरलो. समोर भिंतीला टेकवलेला जुना डोंगा होता, डांबराची ठिगळं लावलेला. मागून ताईने विचारलं, “हा कोनाचा?”

तिचं तोंड समोर असतं तर मला बोलता आलं नसतं.

“ताई, माहे शेअर मी आधीच विकले होते. तुहेच बुडले.”

मागे ढिगातली एक मरळ अजून तडफडत होती. ताई म्हणाली, “मले काहून नाई सांगतलं?”

“लाज वाटली.”

ती उठून आत जाईल असं मला वाटलं. पण तिने पुन्हा विचारलं, “हा कोनाचा?”

“तुहा.”

“आन् हा?”

“तोबी तुहाच.”

“असा वाटा होत नसते. बरोबर सांग.”

“माहा,” मी म्हणालो, आणि मला रडू आलं.

मग मी वळून खिशातला कागद काढला. त्यावर माझे शेअर विकून आलेले पैसे आणि तिच्या शेअरची उरलेली किंमत एकत्र केली, त्या रकमेचे दोन सारखे भाग केले आणि दोन चिठ्ठ्यांवर लिहून त्या मासळीच्या ढिगांशेजारी ठेवल्या.

“ताई,” मी म्हणालो, “आता तू फिर.”

 तिने पदराने हात पुसले आणि डोंग्याकडे तोंड करून उभी राहिली.