डॉल्फिनसाठी भोंगा

अर्ध्या बंगळुरूच्या लॉऱ्यांना ज्यांनी आवाज दिला, त्या भोंगेअण्णांच्या स्वतःच्या स्कूटरला हॉर्न नव्हता. म्हणजे होता, पण त्यांनीच तो काढून कपाटात ठेवला होता. पुढे बस आडवी आली की अण्णा स्कूटर थांबवायचे, मान वाकडी करून ड्रायव्हरला म्हणायचे, "स्वल्प बाजूला, गुरू," आणि हसत उभे राहायचे. बस हलायची तेव्हा हलायची. मागे बसलेल्या मी एकदा न राहवून तोंडानेच 'पीं पीं' केलं, तर अण्णा वळूनही न बघता म्हणाले, "पुणेकर, दिवसभर तेच ऐकतो ना आपण? रस्त्यात तरी स्वल्प सुट्टी दे."

मी पुण्याचा नव्हतो, चिंचवडचा होतो. पण अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलेलं. त्यांच्या लेखी तिकडचं सगळं पुणेच. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्यात लॉरीचे भोंगे बनायचे आणि गाडी मागे घेताना वाजणारे, तेव्हा नव्याने निघालेले गाणारे हॉर्नही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन मी तिथे लागलो. पहिल्याच आठवड्यात मी एक भोंगा तपासायला म्हणून वाजवला, नेमक्या त्याच वेळी अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, कॉफीचा ट्रे घेऊन माझ्या मागे आल्या. कॉफीचा डाग पुढे कित्येक वर्षं भिंतीवर होता. अण्णा नव्या माणसांना तो दाखवून म्हणायचे, "आमच्या पुणेकराची सही."

अण्णांना समुद्राचं वेड कारवारात लागलं. त्यांची बहीण तिथे दिलेली. एका मे महिन्यात ते तिच्याकडे गेले असताना किनाऱ्यावर मच्छीमारांनी जाळ्यातून मेलेला डॉल्फिन काढला. अंगावर जखम नाही, काही नाही. अण्णांनी विचारलं, कशाने मेला? तर कळलं, जाळ्यात अडकला, श्वास घ्यायला वर येता आलं नाही. परत आल्यावर अण्णा चार दिवस तेच सांगत होते. "समुद्रात जन्मलेला जीव रे, समुद्रात बुडून मेला." मी सहज म्हटलं, "पण अण्णा, मासा बुडतो कसा?" त्या दिवशी त्यांचा राग मी पहिल्यांदा पाहिला. "मासा नाही तो. तुझ्यामाझ्यासारखा श्वास घेतो. परत मासा म्हणालास तर पगार माशांत देईन."

बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या रद्दीवाल्याकडे त्यांना एका जुन्या इंग्रजी मासिकात सापडलं, की परदेशात काही जण जाळ्याला बारीक आवाजाचं यंत्र लावून बघताहेत. आवाजाने डॉल्फिनला कळतं, इथे काहीतरी आहे, आणि तो वळून जातो. अण्णांनी ते पान फाडून खिशात घातलं. "आवाजाचं काम ना? मग ते आपलंच."

झालं. लॉरीचे भोंगे मागे पडले आणि कारखान्याच्या अंगणात पाण्याचं पिंप आलं. प्लास्टिकच्या नळीत सर्किट, दोन्ही टोकं बंद, बाहेर पितळेचे दोन स्क्रू. खारं पाणी लागलं की यंत्र आपोआप चालू. ही स्क्रूची युक्ती अण्णांची. पिंपात नळी टाकायची आणि आम्ही आळीपाळीने त्यात डोकं बुडवून ऐकायचं. वर आलं की अण्णांचा प्रश्न ठरलेला, "ऐकू आलं?" ते स्वतः मात्र कधी डोकं घालायचे नाहीत. काठावर नाक चिमटीत धरून, आमच्याबरोबर श्वास रोखून उभे राहायचे. "त्याला किती वेळ मिळतो ते कळायला नको?" शेजारच्या कारखान्यातले लोक कुंपणावरून बघायचे. त्यांची खात्री झाली होती, की इथे उशिरा येणाऱ्याला बुडवतात.

अक्का म्हणायच्या, "इथून समुद्र रात्रभराच्या बसवर. पण मिठाचं पाणी बघावं तर माझ्या अंगणात."

खरी अडचण कारवारात होती. यंत्र जाळ्याला लावू द्यायला कुणी मच्छीमार तयार होईना. प्रत्येकाची शंका एकच: या आवाजाने मासळीही पळाली तर खायचं काय? महिनाभराच्या विनवण्यांनंतर दामूदादा नावाचा एक म्हातारा होडीवाला कबूल झाला. त्याची अट साफ होती. "एक दिवस लावतो. बांगडे कमी आले तर ही नळकांडी गाठोड्यात बांधून जा घरी. पुन्हा कोणाला विचारू नको." म्हणजे सगळी मदार त्या एका दिवसावर. दामूदादा नाही म्हणाला तर अख्खा किनारा नाही म्हणणार होता.

अण्णा दोन दिवस आधी बहिणीकडे गेले. जाताना मला बजावलं, "प्रत्येक नळी कानाने तपास. तपासणीच्या दिव्यावर विश्वास ठेवू नको." आणि नेमकी तेव्हाच, पिंपात डोकं घालून घालून, मला अशी सर्दी झाली की दोन्ही कान ठार बंद. मी दिव्यावर विश्वास ठेवला. दिवा लागला की सर्किट पास, नळी सीलबंद. गठ्ठा बांधून मी रात्रीच्या बसने कारवारला हजर झालो.

सकाळी होडी निघाली. जरा आत गेल्यावर एक लाट उसळून होडीत आली आणि नळ्या भिजल्या. खारं पाणी स्क्रूंना लागलं. माझे कान तोवर मोकळे झाले होते, दुर्दैवाने. सगळ्या नळ्या एकदम, पण एकीचा पायपोस दुसरीच्या पायात नाही अशा तालात, गाऊ लागल्या. गाडी मागे घेतानाचं गाणं. टेबलावरच्या सर्किटच्या दोन खोक्यांपैकी मी चुकीचं खोकं उचललं होतं.

दामूदादाने शांतपणे मागे वळून पाहिलं. "कोण गाडी मागं घेतो रे?"

मी होडीच्या तळाकडे बघत राहिलो. अण्णा आता मला समुद्रात टाकणार असं वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डोळे मोठे करून, कान पुढे करून ते नुसते ऐकत होते. दामूदादाने होडी वळवायला घेतली तशी ते म्हणाले, "नको, दादा. आलोय तर सोडा पाण्यात. फार तर काय, डॉल्फिनला वाटेल बंगळुरूची लॉरी आली."

जाळं सोडलं. ऊन चढलं. मग एकदम दूरवर डॉल्फिनच्या पाठीवरचे काळे वाकडे पर दिसले, पाण्यातून वर येणारे, खाली जाणारे. पुसटसे फुसकारेही ऐकू आले. कळप जाळ्याच्या रोखाने येत होता. अण्णांनी नाक चिमटीत धरलं. कळप जवळ आला, जरा घुटमळला आणि लांबचा वळसा घेऊन निघून गेला. आमच्या गाण्यामुळे, की त्यांचं पोट भरलं होतं म्हणून, ते मी आजही शपथेवर सांगणार नाही. अण्णांनीही कधी सांगितलं नाही. "एका दिवसाने काय कळतं?" एवढंच म्हणाले. पण जाळं वर घेतलं तेव्हा बांगडे नेहमीएवढे होते, आणि दामूदादाने नळ्या ठेवून घेतल्या.

बंगळुरात येऊन आम्ही बरोबर सर्किटच्या नळ्या केल्या. या वेळी कानाने तपासल्या आणि पाठवल्या. आठवड्यात गठ्ठा परत. अण्णांच्या बहिणीचा निरोप: दादा म्हणतात, ह्या वाजतच नाहीत, गाण्याच्या पाठवा. मी तावातावाने म्हटलं, "वाजतात हो, उत्तम वाजतात. बारीक आवाज आहे, म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल."

कॉफी ठेवता ठेवता अक्का म्हणाल्या, "ह्यांना तरी कुठे येतो? डॉक्टरांनी सांगितलंय, बारीक आवाज गेले. तीस वर्षं भोंगे ऐकून दुसरं काय होणार?"

अण्णांनी कॉफीचा कप उचलला. मला मात्र पिंप आठवलं, तो ठरलेला प्रश्न आठवला, आणि होडीतला तो चेहराही. आपलं यंत्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही माझ्या गाढवपणामुळे.

मग आम्ही नळीत दोन्ही बसवलं: डॉल्फिनसाठी बारीक टिकटिक आणि दामूदादासाठी गाणं. हंगाम संपताना दादाचा निरोप आला, की यंदा त्याच्या जाळ्यात एकही बुडाला नाही. मी पेढे आणायला निघालो, तर अण्णा म्हणाले, "एकाच्या जाळ्यात. बाकीच्यांच्या?" आणि नळ्या कापायला बसले. पुढच्या हंगामात दामूदादाच्या शेजारच्या दोन होड्याही गाऊ लागल्या.

दोनेक वर्षांनी मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीच्या बाजूला. निरोप घ्यायला नवा शर्ट घालून गेलो. "सरी, बरं झालं," अण्णा म्हणाले, "कॉफी नंतर. आधी इकडे ये." पिंपाजवळ नेऊन त्यांनी एक नळी पाण्यात सोडली आणि, त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतः डोकं घातलं. वर आले तेव्हा मिशीतून पाणी गळत होतं.

मी विचारलं, "ऐकू आलं?"

"गाणं आलं. दुसरं तू ऐक आणि सांग."

मी नव्या शर्टासकट वाकलो. कॉलरपर्यंत भिजलो. खाली, गाण्याच्या मागे, ती बारीक टिकटिक चालू होती. जरा जास्तच वेळ ऐकत राहिलो. वर येऊन डोळे पुसले तर अण्णा समोर नाक चिमटीत धरून उभे, चेहरा लाल झालेला.

"वाजतंय, अण्णा," मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.