उंबऱ्याच्या आतलं लोखंड

त्या दिवशी मी होसकोट्याच्या कारखान्यात स्टॉक मोजून घेत होतो. फोन वाजला, सुमतीचा होता. "अण्णा निवले," ती म्हणाली. एवढंच... मी निघालो. वाटेत बरोबरच्या माणसाला "सासरे वारले" असं सांगताना लक्षात आलं, की माझ्या बायकोने वडिलांच्या जाण्यासाठी वडिलांचाच शब्द वापरला होता. भट्टीतून काढलेला तुकडा घडवून झाला, की तो राखेत ठेवतात. तिथे तो कुणाच्या हातात नसतो, कुठली घाई नसते, सावकाश गार होतो. त्याला अण्णा निवणं म्हणत. ब्याऐंशी वर्षांचा माणूस दुपारच्या झोपेत गेला, तर त्याला दुसरा शब्द मलाही सुचत नाही.

सुमतीचं माहेर बेंगळुरूत किती पिढ्यांपासून आहे याचा नक्की आकडा त्या घरात कुणाकडे नाही. मी विचारून पाहिलं आहे. उत्तर पाचपासून अकरापर्यंत काहीही मिळतं. माणसं मराठी, पण कानडीत चांगली मुरलेली. अण्णा एका सरकारी कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे लाल लोखंड ठोकून घडवण्याच्या विभागात, मदतनीस म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. नोकरी सुटली, बोली सुटली नाही. एखाद्या कामाची वेळ टळली, की त्यांच्या लेखी त्याचा ताव, म्हणजे ठोकण्याजोगी धग, गेलेला असे. दोन भावांचं पटत नसेल तर सांधा बसला नाही. परदेशातून फार ताठ होऊन आलेल्या शेजाऱ्याच्या मुलाबद्दल ते म्हणाले होते, "पाणी जास्त दिलंय, ठिसूळ निघणार." तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतात, त्याला पाणी देणं म्हणतात, कडकपणाचा अतिरेक झाला, की ते पातं वाकत नाही, मोडतं. शेजाऱ्याला हे कळलं नाही म्हणून बरं.

मी सुमतीला पाहायला गेलो, तेव्हा पगार-पत्रिका काही न विचारता त्यांनी एकच प्रश्न केला होता. "तुम्ही ओतीव की घडीव?"

मी नुकताच कॉस्टिंगमध्ये लागलो होतो. मला वाटलं, मालाबद्दल विचारतायत. मी म्हणालो, "घडीव महाग पडतं. मालही वाया जातो."

अण्णा खुर्चीत मागे रेलून इतके हसले, की आतून अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, बघायला आल्या. "जावई पक्का," अण्णा त्यांना म्हणाले. "खरं बोलतो." त्यांना विचारायचं होतं ते मी साच्यातून निघालोय की ठोके खाऊन तयार झालोय, हे मला लग्नानंतर सुमतीने सांगितलं. मी पुण्याचा. तावातावाने भांडणं, तावून सुलाखून निघणं माझ्याही बोलण्यात होतं, पण ते शब्द कधीकाळी कुणाचा तरी हात भाजून आलेत असा विचार मी केला नव्हता. अण्णांच्या शेजारी बसलं, की ते गरम लागायचे.

अक्कांना मात्र यातलं काहीच चालत नसे. त्या पोस्टमास्तरांच्या लेक, बोलणं नेटकं. "उंबऱ्याच्या आत लोखंड आणायचं नाही," हा त्यांचा नियम. अण्णा "ताव" म्हणाले, की त्या "वेळ" म्हणून दुरुस्त करत. रोज सकाळी डोशावरून भांडण ठरलेलं. तवा पुरता तापलेला नाही असं अण्णा टेबलावरून, तव्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगत. अक्का म्हणत, "हे घर आहे, तुमचा कारखाना नाही. मुकाट खा." अण्णा मुकाट कधीच खात नसत. सकाळी त्यांच्याकडे गेलं, तर बेल वाजवायच्या आधी हे भांडण ऐकू यायचं आणि घरात सगळं ठीक आहे हे कळायचं.

मग अण्णांना झटका आला. उजवा हात कमजोर झाला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. काव्या नावाची स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. शांत, हसरी मुलगी, मराठी तिला येत नव्हतं. ती चित्रांची कार्डं दाखवायची. कप. कंगवा. गाय. अण्णा कंगव्याकडे बघत राहत, ओठ हलत, काही येत नसे. मग ते डाव्या हाताने कार्ड उलटं करून ठेवत. असे आठवडे गेले. घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोलणंही कमी होत चाललं होतं. एकदा स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला गेलो, तेव्हा अक्का सिंककडे तोंड करून म्हणाल्या, "जावईबापू, हे बोललेच नाहीत तर मी भांडू कुणाशी?"

सुधारण्याची शक्यता किती टक्के, हे मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. तो आकडा अक्कांना सांगण्यासारखा नव्हता.

एका रविवारी काव्या टेबलाशी कार्डं मांडून बसली होती. आत अक्का डोसे घालत होत्या. तव्यावर पीठ पडलं, आवाज झाला. अण्णांनी मान वर केली.

"ताव," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून, "कमी."

अक्का उलथनं घेऊन बाहेर आल्या. "काय कमी?"

"ताव."

"मला शिकवू नका. पन्नास वर्षं घालतेय डोसे." हे त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्यांना कळलं, आपण काय ऐकलं आणि कुणाला उत्तर दिलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. आत डोसा जळाला. त्या घरात जळलेला डोसा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

काय झालं ते सुमतीने काव्याला कानडीत सांगितलं. काव्याने कप-कंगवे गोळा करून पिशवीत टाकले. "सरी," म्हणजे ठीक, ती कानडीतच म्हणाली, "शब्द ज्या दाराने येतायत, त्याच दाराने बरली." येऊ देत.

पण त्या दाराची माहिती कुणाला? सुमतीला थोडी, मला ऐकीव. आम्ही दोघं आठवत बसलो, तेवढ्यात अक्कांनी खुर्ची ओढली आणि अण्णांच्या समोर बसल्या. "लोखंड कशावर ठेवून ठोकता?"

"ऐरण."

"आणि मी पोळी कशावर ठेवून लाटते?"

अण्णांचे डोळे फिरले, कुठेतरी आत शोधून आले. "पोळ... पाट."

पुढची पायरीही अक्कांनीच घातली. "भट्टीला वारा कोण घालतं?" "भाता." "आणि वर छताला काय फिरतंय?" "पं... पंखा." अक्कांना सगळं येत होतं. ऐरण, घण, भाता, छिन्नी, कशाला किती ताव लागतो आणि कुठल्या रंगाला लोखंड बाहेर काढायचं, सगळं. ज्या शब्दांना त्यांनी जन्मभर उंबऱ्यावर अडवलं, ते अडवताना एकेक नीट ऐकून ठेवले होते. त्यानंतर रोज संध्याकाळी अक्का कारखान्यातून एक शब्द उचलायच्या आणि अण्णांचा हात धरून त्यावरून घरातल्या शब्दापर्यंत न्यायच्या. काव्या आठवड्यातून दोनदा यायची ती बहुतेक बघायलाच. फी निम्मी करा असं तिने आपण होऊन सांगितलं, अक्कांनी ऐकलं नाही.

सगळे शब्द काही पलीकडे पोचले नाहीत. दुपारी सोबतीला येणाऱ्या मंजुळाबाईंना अण्णा एकदा "सांडशी, सांडशी" म्हणत राहिले. बाईंनी स्वयंपाकघरातली सांडशी आणून दिली. अण्णांनी ती बाजूला ठेवली आणि पुन्हा म्हणाले, "सांडशी." बाईंनी शेजारून मोठी आणली. तिसऱ्यांदा त्या गॅसवरचं पातेलंच सांडशीत धरून आल्या, आत सांबार. अण्णा हसायला लागले. झटक्यानंतरचं ते पहिलं हसणं, तोंडाच्या एकाच बाजूने, पण आवाजासकट. अक्का मधल्या खोलीतून ओरडल्या, "अय्यो, हात धरा त्यांचा. उठायचंय त्यांना."

दिवाळीपर्यंत अण्णा वाक्यं बोलू लागले. अडखळत, पण बोलत. आणि एका सकाळी आम्ही त्यांच्या दाराशी उभे होतो, सुमतीचा हात बेलकडे गेलेला, आतून अक्कांचा आवाज आला, "मग उठा आणि तुम्हीच घाला," आणि त्यावर अण्णांचं काहीतरी लांबलचक उत्तर. सुमतीने हात मागे घेतला. आम्ही चपला न काढता दाराबाहेर ऐकत उभे राहिलो. ते भांडण आणखी दोन वर्षं चाललं. डॉक्टरांच्या टक्क्यात ते कुठेच बसत नव्हतं.

अण्णांच्या शोकसभेला आमच्या मराठी मंडळाचा हॉल भरला होता. कारखान्यातले बरेच जुने लोक आले होते. मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. अण्णा म्हणजे मूर्तिमंत शांती, अण्णांनी कधी कुणाला दुखावलं नाही, आवाज म्हणून चढवला नाही... कारखान्यातले लोक एकमेकांकडे बघू लागले. पहिल्या रांगेत अक्का बसल्या होत्या, मी शेजारी. त्यांनी मान वर केली आणि बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, कल्हई स्वल्प पातळ लावा. भांडं तांब्याचं होतं, ते दिसू दे की."

मी अण्णांच्या तोंडी कल्हई कधी ऐकली नव्हती. त्यांचा धंदा लोखंडाचा. हा शब्द अक्कांच्या स्वयंपाकघरातला होता, आणि तो त्यांनी अण्णांच्या रीतीने वापरला होता. मागच्या रांगांतून हसू सुरू झालं आणि पुढे आलं. सुमती डोळे पुसत हसत होती. अध्यक्षांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, घसा साफ केला.

"खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "अण्णांनी मला एकदा याच हॉलमध्ये सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं होतं."

"दोनदा," अक्का म्हणाल्या.