फीत न कापलेलं थिएटर

लोकांना झोपवणं हा माझा धंदा. मी भूल देणारी डॉक्टर. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी इतकी माणसं झोपवली आहेत, की ती ओळीने आडवी केली तर ओळ कसाऱ्याला पोचून घाट चढायला लागेल. या अनुभवावरून सांगते, झोपलेला माणूस फार समंजस असतो. सगळा वैताग जाग्यांचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या जाग्यांनी कहर केला. आमच्याकडे हळदीशिवाय लग्न नाही, आणि मटण-डीजेशिवाय हळद नाही. सरकारने सांगितलं, लग्नाला माणसं मोजून बोलवा. आमच्या शहाण्यांनी लग्नाला मोजून बोलावली आणि हळदीला न मोजता. हळदीचं सरकारने कुठे काय सांगितलं होतं, असा युक्तिवाद. त्यातली एक हळद तर अशी, की गुरांच्या बाजारासाठी गाजलेल्या म्हशाच्या जत्रेतल्या बैलांनी ती गर्दी पाहिली असती तर दावी तोडून, खाली माना घालून घरी गेले असते.

ही हळद आमच्या शेठच्या पुतण्याची. शेठ म्हणजे मी ज्या रुग्णालयात जाते त्या ट्रस्टचे अध्यक्ष. रुग्णालय दोन तालुक्यांच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे.

तिथलं जुनं ऑपरेशन थिएटर बाळंतिणींच्या वॉर्डाला चिकटून. बोळ एक, एसी एक. आत कोरोनाचा पेशंट घेतला तर त्याचा श्वास फिरून फिरून ओल्या बाळंतिणींच्या नाकात जाणार. म्हणून मी आणि आमच्या सर्जननी शेठचं डोकं खाऊन इमारतीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी खोली करून घेतली. दार स्वतंत्र, एसी नाही, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा. साथ असली तरी अडलेल्याचं पोट तिथे निर्धास्त उघडता यावं, इतकीच मागणी. टेबल आलं, दिवा आला, भुलीचं मशीन आलं. आणि मग दाराला लाल फीत आली. फितीमागे कुलूप.

उद्घाटन झाल्याशिवाय खोलीत पाय ठेवायचा नाही, असा शेठचा हुकूम. पाहुणे ठरले की मुहूर्त नसायचा, मुहूर्त निघाला की पाहुण्यांना ताप यायचा. शेवटी शेठ म्हणाले, मीच कापतो. तेवढ्यात पुतण्याची हळद आली. हळदीत नाचून शेठ जे गेले ते थेट ठाण्याच्या एका बड्या रुग्णालयात, नाकाला ऑक्सिजन लावून. इकडे गावात माणसं खोकत होती आणि आमची सुसज्ज खोली नव्या नवरीसारखी फीत बांधून बसली होती.

अशातच एका दुपारी जीप आली. मागच्या बाकावर म्हशाकडच्या एका ठाकूरवाडीतली पोरगी, ओठ पांढरे, पोट दगडासारखं. बरोबर सासू.

"सकालपासना उभी नाय रायली बाय," सासू सांगत होती. "मुरबाडला नेली, ते बोलले शापूरला न्या. शापूरला एक डाक्टर दारच उगडंना. दुसरा बोलला, आदी तपासनी करून आना. आमी काय दिवसभर हिला जीपीतच फिरवायची काय?"

तपासणी आम्ही केली. कोरोना निघाला. सर्जननी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "नळी फुटलीय." हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले आठ 'हं' असतात, त्याने दोन शब्द एकदम खर्च केले म्हणजे वेळ नव्हता. गर्भ पिशवीत राहायच्या ऐवजी नळीत राहिला होता, नळी फुटून पोटात रक्त साचत होतं. पोट उघडून ती नळी बांधली नाही तर पोरगी संध्याकाळ बघणार नव्हती. जुन्या खोलीत घेतली तर शेजारचा वॉर्ड धोक्यात.

मी नव्या खोलीकडे निघाले. दारात मेव्हणे उभे. शेठचे मेव्हणे हे आमचे व्यवस्थापक. कपाळाला टिळा, हनुवटीला मास्क. सगळं रुग्णालय त्यांना मेव्हणेच म्हणतं.

"मॅडम, शेठना विचारायला लागंल."

"विचारा. तोवर मी हिला विचारते, मरायची जरा थांबतेस का."

मेव्हण्यांना टोमणा कळत नाही, ती त्यांची ताकद आहे. त्यांनी खरंच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर शेठ. तोंडावर मास्क, मास्कवर चष्मा, चष्म्यावर नेतेपण.

"फोटो नीट घे रे," शेठ धापा टाकत म्हणाले. "मागं बोर्ड दिसला पायजे. डॉक्टरीणबाई, नारळ आनला का?"

"शेठ, बाईच्या पोटात रक्त भरलंय."

"हां मग करा ना आपरेशन. पन जुन्या खोलीत करा. ही उद्या उगडू. उद्या दिवस चांगला हाय."

"जुन्या खोलीत केलं तर उद्या अख्खा बाळंतिणींचा वॉर्ड तुमच्या शेजारी येऊन पडेल. त्यांची पोरं रात्रभर रडतील तुमच्या कानाशी."

शेठ विचारात पडले. बाळंतिणींची त्यांना पर्वा नव्हती, झोपेची होती. ते विचार करत असतानाच सर्जननी ट्रेमधली कात्री घेतली आणि फीत कापली. मेव्हण्यांच्या हातून त्याच क्षणी फोटो निघाला. पुढे तो बाजारपेठेत बोर्डावर झळकला: शेठच्या शुभहस्ते उद्घाटन. त्यातला हात सर्जनचा आहे. पण तालुक्यात एकानेही तो ओळखला नाही, कारण बोर्डावर हात बघायला कोण जातं.

कुलपाची चावी मेव्हण्यांच्या करगोट्याला होती. ती तिथून कशी काढली हे मी लिहिणार नाही, माझे वाचक संसारी आहेत.

आत काय होतं? ऑपरेशनच्या टेबलावर शालींचा ढीग. भुलीच्या मशीनवर 'कोविड योद्धा' लिहिलेली सन्मानचिन्हं, काचेची, एकावर एक, मशीन दिसेना इतकी. कोपऱ्यात पाहुण्यांसाठी लाल मखमली खुर्ची. आम्ही सगळं बाहेर फेकलं, खुर्ची तेवढी जड म्हणून राहिली. पोरगीला टेबलावर घेतलं, दोन्ही हातांना सलाइन लावलं, फ्रिजमधलं रक्त मागवलं.

मी पंखा लावला आणि माझं डोकं फिरलं. वारा माझ्या तोंडावर येत होता. खोलीची पूजा मात्र करून ठेवलेली होती, त्या ताटातली उदबत्ती उचलून पेटवली आणि पंख्यासमोर धरली. धूर खिडकीतून बाहेर जायचा तो माझ्या अंगावरून दाराकडे गेला आणि दारातून वॉर्डाकडे जाणाऱ्या बोळात. पंखा उलटा बसवला होता.

"मेव्हणे, हा असा कुणी बसवला?"

"मीच बसवून घेतला ना. वायरमन बोलत व्हता का तोंड भायेर पायजे. मी बोललो, पाहुणे येनार, त्यांना गार हवा लागली पायजे का नको?"

म्हणजे फीत कापताना एका माणसाच्या मानेला वारा लागावा म्हणून याने आजाराची हवा वॉर्डाकडे वळवली होती. मी त्यांना जे बोलले ते छापता येणार नाही, आणि जे छापता येईल तेवढं मी बोलले नाही. त्यांना पाहुण्यांच्या मखमली खुर्चीवर उभं केलं, हातात पाना दिला आणि सांगितलं, पंखा सुलटा होईपर्यंत खाली उतरलात तर भुलीची सुई तुम्हालाच. मेव्हण्यांनी पंखा काढला, फिरवला, परत ठोकला. टिळा घामाने नाकापर्यंत आला. या काळात पोरगीची नाडी माझ्या बोटाखाली धाग्यासारखी बारीक होत चालली होती, आणि तिच्या पोटावर औषध लावून सर्जन तयार उभे होते. पुन्हा उदबत्ती धरली. धूर गपकन खिडकीबाहेर गेला.

मग सगळ्यांना बाहेर काढलं. घशात नळी घालताना माझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर येतं. त्या वेळी आत जितकी कमी नाकं तितकं बरं. प्लॅस्टिकच्या सूटमध्ये मी अशी उकडत होते की माझ्यावर भात शिजला असता. औषध दिलं, तोंडावर मास्क धरून फुगा दाबायचं टाळलं, कारण त्याने पेशंटचा श्वास खोलीभर उडतो, नळी पहिल्या झटक्यात घातली, नळीभोवतीचा छोटा फुगा भरला आणि आतून दार ठोकलं. सर्जन आणि नर्स आत आले. खोलीतली हवा बदलेपर्यंत थांबायचा नियम आहे, पण आत रक्त थांबत नव्हतं. सर्जननी पोट उघडलं, हात घातला, फुटलेली नळी चिमट्यात धरली.

"हं," ते म्हणाले. नाडी हळूहळू माझ्या बोटाखाली परत आली.

जागं करणं त्याहून अवघड, कारण माणूस जागा होताना खोकतो. परत दोघांना बाहेर घालवलं. तिच्या तोंडावर पारदर्शक प्लॅस्टिक टाकून त्याखालून नळी काढली. ती खोकली, डोळे उघडले आणि म्हणाली, "पानी." खोकला खिडकीबाहेर गेला. वॉर्डातल्या बाळंतिणी त्या आठवड्यात एकामागून एक ठणठणीत घरी गेल्या.

सूट उतरवून, हात कोपरापर्यंत धुऊन मी मागच्या अंगणात आले. सासू भिंतीला टेकून बसली होती.

"रायली का?" तिने विचारलं.

"राहिली. पाणी मागितलं तिने."

सासूने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मंग मगाशी आत एवड्या शिव्या कोनाला घालत व्हत्या गो बाय? मना वाटला, माजे सुनेलाच घालताव."

"छे हो. तुमच्या सुनेला मी झोपवणार होते. शिव्या जाग्यांना."